पिवळं 830 मल्टिमीटर: गाडीची इग्निशन कॉइल तपासायला किती कामाचं?

आधी निकाल सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. अडीचशे-तीनशे रुपयांना मिळणारं ते पिवळं 830 वालं डिजिटल मल्टिमीटर गाडीची इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्ट देणारी कॉइल, तपासायला पुरतं, चांगलं पुरतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. जुन्या पद्धतीच्या कॉइलला मीटरनं बाद ठरवलं तर ती बादच, पण मीटरनं पास केलं म्हणजे कॉइल चांगली असं समजू नका, तो निकाल अर्धाच असतो. हा फरक न कळल्यामुळे लोक चांगल्या कॉइली फेकून देतात, नाहीतर मेलेली कॉइल गाडीत तशीच ठेवून कार्ब्युरेटर परत परत उघडत बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे सासऱ्यांची 97 सालची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 अजून चालू आहे, आणि धाकट्या दिरांची नगरला सीएनजीवाली वॅगनआर आहे, हजार सीसीची तीन सिलेंडरवाली. दोन्ही गाड्यांच्या कॉइली पूर्ण वेगळ्या जातीच्या, त्यामुळे मीटरची परीक्षा दोन्हीकडून झाली.

मीटर घेतलं पुण्यात तपकीर गल्लीतून. तिथे हे मीटर प्रत्येक दुसऱ्या दुकानात टांगलेलं असतं, नाव वेगवेगळं पण आतला माल साधारण एकच. डायलवर ओहमच्या रेंज 200, 2000, 20 के, 200 के आणि 2000 के (के म्हणजे हजार), आकडा जास्तीत जास्त 1999 पर्यंत, आत 9 व्होल्टचा चौकोनी सेल. रेंज आपणच निवडायची, आणि रेंजच्या बाहेर गेलं की स्क्रीनवर डावीकडे नुसता 1 दिसतो. नवीन माणूस हा 1 बघून एक ओहम समजतो, तर तसं नाहीये, तो 1 म्हणजे मोजता येत नाही, वायर तुटलेली आहे किंवा रेंज छोटी पडली. डायल फिरवताना आवाज करत नीट बसतो, आकडे मोठे आहेत, उन्हातही वाचता येतात. वाईट काय असेल तर सोबत येणाऱ्या लाल-काळ्या वायरी. पातळ, आत तांब्याचे चार तंतू, हँडलपाशी मुरगळल्या की आकडा नाचायला लागतो. त्या पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा आणि सिलिकॉनच्या जाड वायरी घ्या, दीडशे-दोनशे रुपये जातील पण कॉइलच्या कामात सगळा खेळच एखाद्या ओहमचा आहे, तिथे वायरच दगा देत असेल तर काय मोजणार.

कॉइल म्हणजे शेवटी एका लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या दोन वायरी. प्रायमरीला जाड वायरचे दोन-तीनशे वेढे, सेकंडरीला केसासारख्या बारीक वायरचे वीसेक हजार, प्रमाण ढोबळ मानानं एकास शंभर. प्रायमरीतून बॅटरीचा करंट वाहत असतो आणि पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) उघडला किंवा ट्रान्झिस्टरनं तो तोडला की त्या क्षणी प्रायमरीतच तीन-चारशे व्होल्टचा झटका बसतो आणि सेकंडरीत त्याचे शंभरपट होऊन वीस-तीस हजार व्होल्ट प्लगकडे जातात. मीटरनं आपण फक्त या दोन वायरी सलग आहेत का आणि त्यांचा रेझिस्टन्स ठीक आहे का एवढंच बघतो. झटका बसताना काय होतं ते मीटरला दिसत नाही. हे वाक्य पुढे परत लागणार आहे.

आता 800 ची कॉइल. ही जुन्या पद्धतीची डबा कॉइल, दोन बाजूला प्लस मायनसचे स्क्रू, मधे उंच तोंड ज्यात डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग) जाणारी जाड वायर बसते. चावी बंद, बॅटरीची मायनस काढलेली, कॉइलच्या सगळ्या वायरी मोकळ्या. प्रायमरीसाठी डायल 200 ओहमवर आणि आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना दाबून लावा. शून्य येत नाही, 0.3, 0.4, सोबतच्या वायरींनी तर 0.7 सुद्धा. हा वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आणि तो नंतर वजा करायचा. माझ्याकडे टोकं जोडून 0.4 आलं, कॉइलच्या प्लस-मायनसवर 1.9 आलं, म्हणजे प्रायमरी दीड ओहम. स्क्रूवर गंज असेल तर टोक नुसतं टेकवू नका, जरा घासून दाबा, आकडा खाली सरकत सरकत एका जागी थांबतो, तो खरा.

जुन्या कॉइलमध्ये ढोबळ दोन जाती असतात. एक साधारण तीन ओहमची जी सरळ 12 व्होल्टवर चालते, आणि एक दीड ओहमच्या आसपासची जिच्यासोबत वेगळा, करंट कमी ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर किंवा रेझिस्टन्स वायर लागते किंवा मग करंट आवरणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइली तर अर्ध्या-पाऊण ओहमपर्यंत खाली जातात. म्हणून तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघितल्याशिवाय कॉइलला नावं ठेवू नका. शेजारच्याची तीन दाखवते आणि माझी दीड, म्हणजे माझी शॉर्ट, असं गणित मी खूप जणांकडून ऐकलंय.

इथेच या मीटरची पहिली मर्यादा लागते. 200 च्या रेंजवर ते 0.1 ओहमपर्यंतच दाखवतं आणि शेवटचा आकडा एक-दोननं इकडे तिकडे असू शकतो. तीन ओहमच्या कॉइलला चालून जातं, पण अर्ध्या ओहमची कॉइल असेल आणि वायरीच 0.4 खात असतील तर त्या आकड्यात अर्थ राहत नाही. यावर एक जुना उपाय आहे आणि तो याच स्वस्त मीटरनं होतो, त्यासाठी महाग मीटर लागत नाही. 10 ओहमचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर घ्या, 10 वॉटचा किंवा त्याहून मोठा, तो कॉइलच्या प्रायमरीसोबत एकामागे एक जोडून बॅटरीवर काही सेकंद लावा, आणि डीसी व्होल्टवर आधी रेझिस्टरच्या दोन टोकांवर आणि मग कॉइलच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. माझ्याकडे रेझिस्टरवर 10.87 आलं आणि कॉइलवर 1.63, म्हणजे 10 गुणिले 1.63 भागिले 10.87, बरोबर दीड ओहम. वायरींचा रेझिस्टन्स यात येतच नाही कारण मीटरच्या वायरीतून करंटच जवळपास वाहत नाही. मात्र हे करताना दोन गोष्टी पाळा. कॉइलच्या मधल्या तोंडात वायर बसवून तिचं दुसरं टोक डब्याच्या पत्र्यापाशी जेमतेम फटीवर ठेवा, आणि बॅटरी सोडवायच्या आधी मीटर कॉइलवरून काढून घ्या, कारण एक अँपिअरचा करंट तोडला तरी कॉइल झटका देतेच, तो तिचा धर्मच आहे, आणि तो मीटरला आणि तुमच्या बोटांना दोघांना नको. रेझिस्टर तापतो, हातात धरू नका.

सेकंडरी मोजणं त्या मानानं सोपं. डायल 20 के वर, एक टोक मधल्या तोंडाच्या आत पितळेपर्यंत खाली, दुसरं प्लस किंवा मायनस कुठल्याही स्क्रूवर. बहुतेक कॉइलींची सेकंडरी सहा हजार ते पंधरा हजार ओहमच्या दरम्यान येते, आमची 12.60 के आली. इथे 0.4 वजा करायची गरजच नाही, हजारांच्या हिशेबात ते हरवून जातं. दोन्ही टोकांना उघडी बोटं लावून धरू नका, विशेषतः मे महिन्यात हात घामेजलेले असताना, अंगातून मीटरचा करंट जातो आणि आकडा कमी दिसतो. आणि तिसरी मोजणी लोक विसरतात ती म्हणजे स्क्रू आणि डब्याचा पत्रा, डायल 2000 के वर, इथे नुसता 1 यायला हवा. काहीही आकडा आला तर कॉइल आतून अंगाला लागली, म्हणजे डब्याला शॉर्ट झाली, काढून टाका.

दोन सिलेंडरला एक कॉइल असणाऱ्या गाड्या असतात, तिथे कॉइलला वर दोन तोंडं असतात. अशा कॉइलची सेकंडरी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत मोजायची, तोंडापासून खालच्या पिनेपर्यंत मोजली तर 1 दाखवणारच कारण आत ती प्रायमरीला जोडलेलीच नसते. चांगली कॉइल कचऱ्यात जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असावं असं माझं मत झालंय.

आता मुद्द्याचं. आमच्या 800 ला त्रास असा होता की सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू, पहिले दहा किलोमीटर छान, आणि मग सिग्नलला थांबलो की थरथर, पिकअप टाकला की मिसिंग, आणि बंद करून अर्धा तास उभी केली की परत छान. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, पॉइंटचं गॅप लावलं. कॉइल मीटरवर ठीक आहे असं तेही म्हणाले आणि ते खरंच होतं, वर लिहिलेले सगळे आकडे याच कॉइलचे आहेत. दीड ओहम, 12.60 के, बॉडीला काही नाही. कागदावर या कॉइलला काहीच झालेलं नाही.

पण ते आकडे थंड कॉइलचे होते. तांब्याचा रेझिस्टन्स तापमान एक अंश वाढलं की साधारण 0.39 टक्क्यानं वाढतो, म्हणजे तीसवरून ऐंशी अंशावर गेली तर चांगली कॉइलसुद्धा वीसेक टक्के जास्त दाखवणार, त्यात घाबरायचं नाही. बघायचं असतं ते आकडा कसा वाढतो ते. कॉइल काढून टेबलावर घेतली, मीटरच्या वायरी क्रोकोडाइल क्लिपनं पक्क्या लावल्या, डायल 20 के वर, आणि केस वाळवायच्या ड्रायरनं हळूहळू डबा तापवायला घेतला. 12.60, 12.75, 13.00, अगदी सावकाश, एकेका आकड्यानं. 13.5 च्या पुढे एकदा क्षणभर 1 चमकून गेला आणि परत आकडा आला. मग 14 च्या जवळ गेल्यावर सरळ 1, आणि ड्रायर बंद केला तरी 1 च. डबा हाताला सोसेल इतका गार झाल्यावर एकदम 13.2 परत. आतली ती केसाएवढी वायर कुठेतरी तुटलेली होती, गार असताना टोकं एकमेकांना टेकलेली आणि तापून प्रसरण पावली की लांब होणारी. स्वस्त मीटरनं हे इतकं स्पष्ट दाखवलं की त्यापुढे कुणाला काही विचारायची गरज राहिली नाही. म्हणून ज्यांची गाडी गरम झाल्यावरच त्रास देते त्यांनी कॉइल गरम असतानाच मोजा, बोनेट उघडून गार होईपर्यंत थांबाल तर मीटर तुम्हाला पासच सांगेल.

आणि याच्याही पुढचा एक आजार आहे जो ड्रायरनंही कळत नाही. आतल्या वेढ्यांवरचं लाख किंवा तेल खराब झालं की जास्त व्होल्टेजला ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी कॉइलच्या आतच पडते. ओहमच्या रेंजवर हे मीटर कॉइलला जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावतं, आणि गाडीत तिथे वीस हजार असतात. दोन व्होल्टला जे इन्सुलेशन ठणठणीत दिसतं ते वीस हजाराला फुटू शकतं, आणि ते दाखवायची कुठल्याच मल्टिमीटरची ऐपत नाही, पंचवीस हजाराचं घेतलंत तरी. तिथे स्पार्क टेस्टर लागतो, ज्याची फट कमी-जास्त करता येते असा. हवेत एक मिलिमीटर फटीला ढोबळ तीन हजार व्होल्ट लागतात, आणि चालू इंजिनात दाबाखालच्या हवेत त्याहून बरेच जास्त, त्यामुळे प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून पडलेली ठिणगी बघून खूश होऊ नका, आत तीच ठिणगी पडेल याची खात्री नसते. ठिणगी बारीक आणि पिवळट-लाल असेल तर संशय घ्या, निळी-पांढरी आणि चटचट आवाजाची असेल तर बरी.

नवी कॉइल नाना पेठेतून घेतली आणि मीटर सोबत नेलं होतं. दुकानदारांनी आधी जी काढून दिली तिची प्रायमरी 3.1 निघाली, दिसायला डबा तंतोतंत तसाच, स्क्रू तसेच, तोंड तसंच. काका म्हणाले सगळ्यांना हीच देतो, चालते. चालतेच, पण बॅलास्टवाल्या गाडीत तीन ओहमची कॉइल बसवली तर करंट कमी पडून ठिणगी अशक्त होते, आणि उलट बिनबॅलास्टच्या गाडीत दीडची बसवली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. मीटरवर आकडा दाखवला तसं त्यांनी न कुरकुरता मागून दुसरी काढली, 1.6 ची. काउंटरवर उभं राहून मीटर लावलेलं कुणाला आवडत नाही असं म्हणतात, पण मला तसा अनुभव आला नाही, उलट त्यांनी स्वतःच आणखी एक डबा पुढे केला, हाही बघा म्हणाले.

आता वॅगनआर, आणि इथे मीटरचं काम पूर्ण बदलतं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नाही, प्लगच्या लांब वायरी नाहीत, प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल बसते. अशा बऱ्याच कॉइलींमध्ये करंट तोडणारा ट्रान्झिस्टर कॉइलच्या आतच असतो आणि म्हणून कपलरला (वायरिंग जोडायच्या जोडाला) तीन किंवा चार पिना असतात, एक 12 व्होल्ट, एक अर्थ, एक ईसीएमकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) येणारा सिग्नल, आणि चौथी असेल तर ठिणगी पडली हे परत कळवणारी. या पिनांमध्ये ओहम मोजून प्रायमरीचा आकडा मिळत नाही, मधे ट्रान्झिस्टर बसलाय. सेकंडरीतही पुष्कळ ठिकाणी आत हाय व्होल्टेज डायोड असतो, त्यामुळे ठणठणीत कॉइलवरसुद्धा मीटर 1 दाखवतं. म्हणजे वर पहिल्या परिच्छेदात मी जे लिहिलं की बाद म्हणजे बाद, ते इथे लागू नाही, आणि तीन पिनांच्या कॉइलला ओहमवरून मेलेली ठरवणारे व्हिडिओ बघून नवीन कॉइली मागवू नका, कृपा करून.

भाऊजींच्या गाडीला इमामपूरच्या घाटात सीएनजीवर झटके यायचे, पेट्रोलवर टाकली की जरा बरी. चेक इंजिनचा दिवा लागायचा, स्कॅनरवर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) कोड पी0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरला मिसफायर, तिथलं मिश्रण नीट पेटत नाही. एका गॅरेजनं सांगितलं तिन्ही कॉइली बदला. मला फोन आला, वहिनी तुमचं ते मीटर घेऊन या ना एकदा. सीएनजीचं कारण समजायला सोपं आहे, गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि घाटात पिकअप दाबला की सिलेंडरमधला दाब वाढून आणखी जास्त, त्यामुळे इग्निशनमध्ये कुठेही अशक्तपणा असेल तर तो आधी सीएनजीवर आणि आधी चढावर बाहेर येतो. पण अशक्तपणा कॉइलमध्येच आहे हे कशावरून?

आधी बिनमीटरचं, फुकटचं काम केलं. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर, कोड पुसला, गाडी चालवली. कोड परत पी0302 च आला, पी0303 झाला नाही. म्हणजे कॉइल जागा बदलून गेली तरी आजार जागेवरच. प्लगही तसाच बदलून बघितला, तरी दोनच. आता मीटर. कपलर लावलेलाच ठेवून, गाडी चालू ठेवून, कपलरच्या मागच्या रबरी सीलच्या कडेनं बारीक टाचणी आत सरकवायची, पिनेला टेकेपर्यंत, वायरचं साल टोचून भोक पाडायचं नाही, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. मीटर डीसी 20 वर, काळी वायर बॅटरीच्या मायनसवर. तिन्ही कॉइलींच्या 12 व्होल्टच्या पिनेवर 13.9, उत्तम, अल्टरनेटर चालू असताना एवढंच यायला हवं. मग अर्थची पिन, इथे डायल 2000 मिलिव्होल्टवर. पहिल्या कॉइलला 50-60 मिलिव्होल्ट, तिसऱ्याला तेवढंच, आणि दुसऱ्याला 900 च्या आसपास, आणि रेस दिली की आणखी वर. एक व्होल्टच्या जवळपास अर्थच्या वायरमध्येच मरत होता, म्हणजे कॉइलला करंट कमी, ठिणगी कमी. वायरिंगची पट्टी सोडवून बघितलं तर त्या एका अर्थच्या वायरचा जोड हिरवट पडलेला, सीएनजीचं किट बसवताना कधीतरी ओढला गेला असावा. कापून नवा जोड दिला, सोल्डर केला, स्लीव्ह चढवली, मीटरवर परत 50 मिलिव्होल्ट, आणि घाटात गाडी गॅसवर सरळ चढली. तिन्ही कॉइली जुन्याच आहेत आणि चालतायत.

गाडी बंद करून हाच जोड ओहमवर किंवा बझरवर बघितला असता तर तो पास झाला असता, कारण एका तंतूवरसुद्धा बझर वाजतो. करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतं ते बघणं हीच खरी परीक्षा आणि त्यासाठी या पिवळ्या मीटरचा मिलिव्होल्टचा रेंज अतिशय चांगला आहे, माझ्या मते त्याचा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी रेंज तोच. सिग्नलच्या पिनेवर मात्र हे मीटर काही सांगत नाही, तिथे क्षणभराचे पल्स असतात, डीसीवर थोडासाच सरासरी आकडा हलताना दिसतो, त्यावरून सिग्नल येतोय एवढंच कळतं. दिवा लुकलुकत असेल तर असली तपासणी रस्त्यावर लांबवू नका, न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि त्याची किंमत तिन्ही कॉइलींच्या वर जाते.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून. मीटरवर 1000 व्होल्ट किंवा 600 व्होल्ट छापलेलं असलं तरी प्लगच्या वायरीला, कॉइलच्या तोंडाला, चालू गाडीत हे मीटर कधीही लावायचं नाही, मीटर जाईल आणि तुम्हालाही झटका बसेल. या मीटरवर छापलेल्या सुरक्षा वर्गावरही फार विसंबू नका, घरातल्या 230 व्होल्टसाठी मी हे वापरत नाही, गाडीच्या 12 व्होल्टसाठीच. 10 अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज नसतो, लाल वायर त्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलात तर तो सरळ शॉर्ट, वायर हातात वितळते. म्हणून वापर झाला की लाल वायर मधल्या भोकात परत, ही सवयच लावून घ्या. आणि सेल उतरला की हे मीटर बंद पडत नाही, चुकीचे आकडे दाखवायला लागतं, बॅटरीचं व्होल्टेज 14-15 दिसायला लागलं आणि गाडी बंद आहे, तर आधी मीटरचा सेल बदला, अल्टरनेटरला दोष देऊ नका.

नंतर मी हजार-बाराशेचं आपोआप रेंज घेणारं मीटरही घेतलं, 6000 पर्यंत आकडे दाखवणारं, मागे दिवा, बझर, आकडा धरून ठेवायचं बटण. सोयीचं आहे, रात्री रस्त्यात उभं राहून बघायचं तर दिवा लागतोच. पण ड्रायरच्या प्रयोगाला मी पिवळंच घेते, कारण आपोआपवालं मीटर आकडा गेला की रेंज शोधत बसतं आणि तो क्षणभरचा 1 त्यात निसटून जातो, पिवळ्यावर रेंज आपण धरून ठेवलेली असते. आयटीआयमध्ये शिकलेली मंडळी यासाठी काट्याचं मीटर वापरायला सांगतात आणि ते बरोबरच आहे, काटा लटकन पडलेला डोळ्याला लगेच कळतो, ज्यांच्याकडे जुनं काट्याचं मीटर असेल त्यांनी ते टाकू नका.

मग कुणी काय घ्यावं? कार्ब्युरेटरची जुनी गाडी, दोन तोंडांची कॉइल, बाईक, रिक्षा यापैकी काही असेल तर पिवळं मीटर, चांगल्या वायरी, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि एक 10 ओहमचा रेझिस्टर, सगळं मिळून सहाशेच्या आत बसतं. प्लगवर कॉइल असलेली गाडी असेल तर यासोबत ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घ्या, कारण कुठल्या सिलेंडरला त्रास आहे हे मीटर सांगणार नाही, आणि तो कळल्यावर का आहे हे स्कॅनर सांगणार नाही. प्लगच्या वायरी असतील तर त्याही याच 20 के वर बघा, कार्बनच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरभर लांबीला साधारण दहा ते वीस हजार ओहम असतो, आणि चार वायरींतली एकच वेगळी दाखवत असेल तर कॉइलला हात लावायच्या आधी ती बदला.